विसरण शिकताना आधी अंतराकडे बघ

फिजिऑलॉजीचं पहिलं वर्ष आहे ना, मग विसरणाची व्याख्या घोकत बसू नकोस. रेणूंनी जास्त तीव्रतेकडून (जिथे ते दाट आहेत) कमीकडे सरकायचं, पेशीची ऊर्जा न खर्चता; एवढं पुरे. खरी मेख अंतरात आहे. अंतर दुप्पट झालं की लागणारा वेळ चौपट होतो. पेशीभर अंतर रेणू क्षणात कापतो, पण छातीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत ऑक्सिजनला नुसत्या विसरणानं जायचं असतं तर कित्येक वर्षं लागली असती. हृदय आणि केशवाहिन्यांचं जाळं कशासाठी, ते इथे कळतं.

मग फुप्फुसाकडे वळ. वायुकोश (फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्या) आणि रक्त यांच्यामधला पडदा जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरचा. ऑक्सिजनचा दाब वायुकोशात सुमारे १०० मिमी पारा, आत येणाऱ्या रक्तात ४०. कार्बन डायऑक्साइडच्या दाबातला फरक मात्र फक्त ५च्या आसपास, तरी तो सहज बाहेर पडतो, कारण तो द्रवात कितीतरी जास्त विरघळतो. मला तर हा सगळ्या धड्यातला सर्वांत देखणा भाग वाटतो! हे आकडे स्वतः आकृती काढून तिच्यात भर.

ग्लुकोजपाशी सांभाळ. त्याला पेशीपटल ओलांडायला वाहक प्रथिन लागतं, पण तीव्रतेच्या उतारावरूनच, म्हणजे जास्तीकडून कमीकडे, जात असेल तर तेही विसरणच.

वॉर्डात फुप्फुस फायब्रोसिसचा (फुप्फुसाची ऊती व्रणासारखी जाड होण्याचा आजार) रुग्ण दिसला तर विचार कर: बसल्या जागी ठीक असणाऱ्याचा ऑक्सिजन चालताना का घसरतो? पडदा जाड झालाय, आणि चालताना रक्ताला तिथे थांबायला वेळही कमी मिळतो.