विज्ञानकथा संमेलनांतील वेशभूषेची प्रथा कोणी सुरू केली?

याचे श्रेय बहुतेकदा अमेरिकी विज्ञानकथा रसिक फॉरेस्ट ॲकरमन यांना एकट्यालाच दिले जाते, परंतु ते मर्टल डग्लस यांना मिळायला हवे. १९३४ साली सुरू झालेल्या लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथा रसिक मंडळाच्या त्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी होत्या. ‘मोरोजो’ या एस्पेरांतो (एक कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषा) टोपणनावाने त्या ओळखल्या जात. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या विश्व विज्ञानकथा संमेलनात या दोघांनी भविष्यकाळातील माणसाचा म्हणून जो झगेदार पोशाख घातला होता, तो मोरोजो यांनी स्वतः शिवला होता. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशभूषेचा रीतसर कार्यक्रम झाला. ॲकरमन यांच्यासोबत त्यांनी रसिकांच्या पत्रव्यवहाराचे नियतकालिकही संपादित केले, आणि माझ्या मते ते कामही तितकेच मोलाचे आहे.