न विकलेलं झाड

प्रिय पोरी,

नकाशा पाहिला. आजोबांच्या नर्सरीवर राणीच्या बागेतल्या प्रदर्शनासाठी बाग करतेयस, बरं वाटलं. पण मधोमध त्यांचा फोटो, भोवती झेंडू, मागे सनावळीचा फलक, हे सगळं काढ. फोटोला हार घालायला घरची भिंत आहे.

नर्सरीचा इतिहास दाखवणं अवघडच. तिथं जे छान वाढतं ते विकलं जातं. उरतं ते वाकडं, गिऱ्हाइकाला नकोसं. तुमच्या फाटकाजवळचा सोनचाफा आठव. कुणी घेतला नाही, म्हणून मुळांनी पिशवी फोडून जमीन धरली. पुढे त्याच्याच काड्या घेऊन आजोबा कलमं बांधायचे. त्यातलं एक कलम मधोमध ठेव, बांधलेली पट्टी न सोडता.

मग जुन्या गिऱ्हाइकांकडे जा. गिरगावातल्या गॅलरीत, दादरच्या चाळीत आजोबांनी दिलेल्या कुंड्या अजून असतील. प्रदर्शनापुरत्या मागून आण. रंग उडालेल्या, चिरलेल्या असल्या तरी तशाच मांड. लोक झाड देताना दहा सूचना करतील, त्या लिहून घे. फलकावर शास्त्रीय नावाऐवजी त्याच लाव.

एका बाजूला काम करायचं टेबल हवंच: शेणखत, झारी, डोळे भरायचा (कलम करायचा) चाकू, आणि गुटी, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडायची पद्धत. क्रोटनच्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट बांधायचं. पांढरी मुळं बाहेरून दिसू लागली की बघणारे तिथून हलत नाहीत. मात्र गुटी पावसाळ्यातच चांगली धरते आणि प्रदर्शन हिवाळ्यात, तेव्हा आत्ताच लाग.

काचेच्या पेटीची तुझी कल्पना आवडली. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या अशाच पेट्यांतून १८३३ मध्ये लंडनहून सिडनीला रोपं जिवंत पोचली. मातीतली वाफ काचेवर जमून पुन्हा खाली झिरपते, त्यामुळे वाटेत पाणी फारसं लागत नाही. पण ती रिकामी, शोभेची नको. आत ओलं नेचं लाव, काच धुरकट होऊ दे. शेजारी बोगनवेल आणि पांढरा चाफा ठेव. एक ब्राझीलकडची, दुसरा अमेरिका खंडातला. आणि आपण चाफ्याला देवळाचं झाड म्हणतो! (आजोबांना हे सांगितलं होतं, तर दोन दिवस बोलले नव्हते.)

राणीची बाग १८६२ साली खुली झाली, त्याआधी शेतकी-बागायती संस्थेची बाग शिवडीला होती. तिथं पुढे दफनभूमी झाली. एवढं एका ओळीत सांग, पुरे.

आणि पुण्याहून फुललेले गुलाब आणून जागा भरू नकोस. दोन-चार वाफे उघडेच असू देत. भर सीझनमध्ये तुमची नर्सरी तशीच दिसायची.

शनिवारी सकाळी ये. चाकूला धार लावून ठेवतो, शेवाळ तू आण.

तुझा,
काका