गाडीच्या एसीचा व्हॉल्व्ह गळतो, घरी काय करता येईल?

उन्हाळा तापू लागला की गाडीच्या एसीविषयी पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांपैकी तीन पत्रे निवडली असून, पहिल्या पत्रातला प्रश्न अनेकांचा आहे म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे जुनी विकत घेतलेली एक लहान गाडी आहे. गेल्या उन्हाळ्यात एसीमध्ये गॅस भरून घेतला. दिवाळीपर्यंत गारवा बरा होता. आता नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला असताना नुसता वारा येतो. गावातल्या मेकॅनिकने बोनेट उघडून सांगितले, की गॅस भरण्याच्या तोंडातला व्हॉल्व्ह गळतो आहे. साबणाचे पाणी लावल्यावर व्हॉल्व्हमधल्या पिनेच्या टोकाशी मोहरीच्या दाण्याएवढा बुडबुडा हळूहळू फुगताना मलाही दिसला. त्या तोंडावरचे प्लास्टिकचे झाकण गॅस भरल्यापासून बेपत्ता आहे. ही पिन टायरच्या ट्यूबमधल्या पिनेसारखीच दिसते. ती काढून दुसरी बसवली तर चालेल का? एसीचे काम करणारे दुकान यवतमाळलाच आहे आणि दर वर्षी गॅस भरणे परवडत नाही.
— एक शेतकरी वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या मेकॅनिकने गळती शोधली आणि ती आपल्याला दाखवलीही, ही फार मोलाची गोष्ट आहे. गळती न शोधता दर वर्षी गॅस भरत राहणे हा आपल्याकडचा सर्वांत महागडा रिवाज आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरत असतो. दोन-चार वर्षांत थोडासा कमी होणे समजण्यासारखे आहे, पण वर्षाच्या आत गारवा गेला, तर गॅस कुठून तरी बाहेर जातो आहे हे निश्चित समजावे.

आता पिनेविषयी. बुडबुडा येतो आहे, याचा अर्थ आत अजून गॅस आहे, आणि आत गॅस असताना ती पिन कोणत्याही पान्याने फिरवू नका, हे मी आपल्याला कळकळीने सांगतो. गाड्यांमध्ये साधारणपणे आर-134ए हा गॅस असतो. नळ्यांमध्ये या गॅसचा थोडा जरी अंश द्रवरूपात शिल्लक असला, तरी गाडी बंद असताना आतला दाब किती गॅस उरला आहे यावर नव्हे, तर तापमानावर ठरतो. 25 अंशांना तो साधारण 80 पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) असतो आणि 40 अंशांना सुमारे 130 पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये आपण 30 ते 35 पीएसआय हवा भरतो, यावरून अंदाज यावा. इतक्या दाबाखाली सुटलेली पिन गोळीसारखी उडते आणि तिच्यामागून येणारा द्रव उणे 26 अंशांना उकळणारा असल्यामुळे बोट किंवा डोळा क्षणात गोठवून इजा करतो. गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, दाब ठीक दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असे सांगणाऱ्यांवरही याच कारणाने विश्वास ठेवू नये.

ट्यूबची पिन दिसायला सारखी असली, तरी ती इथे चालत नाही. तिचे रबर हवेसाठी असते. एसीच्या गॅसबरोबर फिरणारे तेल आणि बोनेटखालची उष्णता त्या रबराला सोसत नाही. ते फुगते किंवा कडक होते आणि गळती पुन्हा सुरू होते. शिवाय एसीच्या पिनाही सगळ्या गाड्यांत एकाच मापाच्या नसतात. काहींत बारीक पिन असते, काहींत चांगली जाड. म्हणून गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून, शक्य असेल तर जुनी पिन दाखवूनच नवीन घ्यावी. वस्तू किरकोळ किमतीची आहे. खर्च होतो तो गॅस आणि मजुरीवर.

मग घरी काय करता येईल? पुष्कळ करता येईल. पहिले काम पडताळणीचे. आपण बुडबुडा पाहिला तेव्हा एसी चालू होता की बंद, हे पत्रात लिहिलेले नाही. बोनेटखाली एक जाड नळी असते, ती एसी चालू असताना हाताला गार लागते. आणि एक बारीक नळी असते, ती तापते. जाड नळीवरच्या तोंडाच्या झाकणावर एल (कमी दाबाची बाजू) आणि बारीक नळीवरच्या झाकणावर एच (जास्त दाबाची बाजू) असे अक्षर असते. आर-134ए च्या गाडीत एलचे तोंड 13 मिलिमीटरचे आणि एचचे 16 मिलिमीटरचे असते, त्यामुळे झाकण हरवले तरी दोन्ही ओळखता येतात. एसी चालू असताना जाड नळीतला दाब उतरतो, म्हणून एलच्या व्हॉल्व्हची बारीक गळती त्या वेळी लपते. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होऊ द्यावा आणि मग तपासावे. इंजिन बंद असले, की पट्टा आणि पंख्यात हात किंवा दुपट्टा अडकण्याची भीतीही राहत नाही.

तपासण्याआधी ते तोंड सुती कापडाने आतून पुसून घ्यावे. मागच्या वेळी गॅस भरताना सांडलेले तेल तिथे राहिलेले असते आणि त्यावर धूळ बसून काळपट चिकट थर तयार होतो. तो जुना आहे की नवा, हे पुसल्याशिवाय कळत नाही. पुसल्यानंतर काही दिवसांनी पुन्हा तेलकट ओल दिसली, तर गळती चालू आहे असे समजा. साबण मात्र दाट घोळलेला हवा, पातळ पाण्यात मंद गळती दिसत नाही. त्या वाटीसारख्या तोंडात थेंब-थेंब साबण सोडून किमान दहा मिनिटे नजर ठेवावी. तपासणी झाली की तोंड पूर्ण कोरडे करावे. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे असावेत. पिनेचे टोक खिळ्याने किंवा पेचकसाने दाबून पाहू नये. कचरा निघेल या आशेने लोक तसे करतात, पण त्याने गॅस जातो आणि पिनेचे बूड आणखी बिघडते.

दुसरे काम झाकणाचे. ते लहानसे झाकण केवळ धुळीसाठी नसते. त्याच्या आत रबराची गोल चकती असते आणि व्हॉल्व्हमधून मंदपणे झिरपणारा गॅस ती अडवते. गॅस भरणाऱ्याने झाकण परत लावले नाही आणि आपल्या गाडीच्या उघड्या तोंडात वर्षभर पांदणीची धूळ आणि कापसाचे तंतू जात राहिले. पिन बिघडण्याचे हेच कारण असण्याची शक्यता मला मोठी वाटते. रबर असलेले योग्य मापाचे झाकण आणून हाताने घट्ट बसवा. पकड वापरू नका, प्लास्टिकचे आटे लगेच जातात. आपण सांगता तसा बुडबुडा हळूहळू फुगणारा असेल, तर एवढ्यानेही गळती पुष्कळ आटोक्यात येईल. पण हा पिन बदलेपर्यंतचा बंदोबस्त आहे. तोवर एसीचे बटण बंदच ठेवावे. कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस अगदी कमी असताना एसी चालवला, तर कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो आणि किरकोळ पिनेचे काम हजारोंवर जाते.

पिन बदलण्यासाठी दोन मार्ग आहेत. काही दुकानांत झडप असलेले एक खास अवजार असते; ते तोंडावर बसवून गॅस न काढता पिन बदलता येते. आपल्याला यवतमाळला जायचेच असेल, तर आधी फोन करून हे अवजार आहे का, हे विचारून घ्या. ते नसेल, तर आतला गॅस यंत्राने काढून घेऊन मग पिन बदलावी लागते. गॅस हवेत सोडून देऊ नये. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, परंतु हवा तापवण्यात तो त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट भारी मानला जातो. अर्धा किलो गॅस सोडणे म्हणजे 700 किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. ज्यांची शेते 45 अंशांत होरपळतात, त्यांनी हे मनावर घ्यावे असे मला वाटते.

नळ्या पूर्ण रिकाम्या आहेत याची गेज लावून खात्री झाली असेल, तर नवीन पिन हाताने बसवणे अवघड नाही. बसण्याची जागा स्वच्छ, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, रबराला कॉम्प्रेसरच्या तेलाचा थेंब लावावा आणि पिन हलक्या हाताने आवळावी. जोर लावल्यास रबर चेपते. खरे काम यानंतरचे असते आणि तेच गावोगावी टाळले जाते. पंप लावून किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारला पाहिजे, म्हणजे आतली हवा आणि ओल ओढून काढली पाहिजे, आणि पंप बंद करून आणखी अर्धा तास काटा जागेवर राहतो का, हे पाहिले पाहिजे. आत राहिलेली ओल गॅसच्या मार्गात बर्फ होऊन अडते, शिवाय त्या ओलीने तेल बिघडते व नळ्या आतून खराब होतात. यानंतर गॅस वजनाने भरायचा. किती ग्रॅम, हे बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेले असते. बाजारात 450 ग्रॅमचा डबा मिळतो, पण काही लहान गाड्यांना त्याहूनही कमी गॅस लागतो. डबा आणला म्हणून पूर्ण ओतला, तर दाब वाढून ऐन नवतप्यात एसी वारंवार बंद पडतो.

प्रश्न : आमच्या गावात फ्रिज दुरुस्त करणारा एक होतकरू मुलगा आहे. त्याच्याकडे पंप आणि गेज आहे. गाडीच्या एसीची गळती काढून गॅस भरून देतो, असे तो म्हणतो. गळती शोधण्यासाठी पंक्चरच्या दुकानातून हवा मारू आणि गॅस कोणताही चालतो, असेही त्याचे म्हणणे आहे. त्याच्याकडून काम करून घ्यावे का?
— एक वाचक, वरुड, जि. अमरावती

उत्तर : मुलाकडे पंप आणि गेज आहे, म्हणजे निम्मे साहित्य आहे, वजनकाटा आणि गाडीच्या तोंडाला बसणारे कपलर (नळी जोडण्याचा भाग) आणले, तर हे काम त्याने अवश्य करावे. खेड्यातले काम खेड्यातच व्हावे, या मताचा मी आहे. पण त्याची दोन्ही विधाने धोक्याची आहेत आणि ती त्याला प्रेमाने, परंतु स्पष्ट सांगावीत.

पंक्चरच्या दुकानातली हवा ओली असते, आणि दाबाखाली हवेत मिसळलेला आर-134ए पेट घेऊ शकतो. गॅस वेल्डिंगचा ऑक्सिजन तर कदापि नको; तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले, की स्फोट होतो. तपासणीसाठी कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटर लावूनच वापरावा. कोणताही गॅस चालतो, हेही खरे नाही. नव्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-600ए असतो आणि तो ज्वालाग्राही आहे. घरच्या जुन्या एसीतल्या आर-22 चा दाब त्याच तापमानाला पुष्कळ जास्त असतो आणि गाडीचे तेलही त्याला जुळत नाही. स्वयंपाकाचा गॅस भरून गारवा येतो, असे सांगणारेही भेटतात. एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, म्हणजे आपल्या कुटुंबाच्या समोर असते, ती फुटली तर हा गॅस बंद गाडीत भरतो. असे कोणी सुचवले, तर गाडी तिथून घेऊन यावी. भरण्याआधी सिलिंडरवरचे नाव आपल्या डोळ्यांनी वाचावे आणि ते बोनेटखालच्या स्टिकरशी जुळवावे. स्टिकरवर आर-1234वायएफ असे असेल, तर त्या गाडीचे काम कंपनीच्या कार्यशाळेतच करावे. तो गॅस सौम्य ज्वालाग्राही आहे आणि त्याची अवजारे वेगळी असतात.

प्रश्न : पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत एसी लावला, की गाडीखाली पाण्याचे थारोळे होते आणि हल्ली पुढच्या सीटजवळची चटईही भिजते. हा गॅसच गळतो आहे का?
— एक वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. गळलेला गॅस पाण्यासारखा साचत नाही, तो लगेच उडून जातो. गाडीखालचे पाणी हे दमट हवेतली ओल गार कॉइलवर जमून खाली आलेले असते. मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून ते फारसे दिसत नाही. चटई भिजते, याचे कारण पाण्याची बारीक रबरी नळी तुंबली असावी. कचरा, पाने किंवा कुंभारीण माशीने लिंपलेली माती तिच्यात अडकते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून, खालच्या टोकाने मऊ तार बोटभरच आत घालून ती मोकळी करावी. तार खोल खुपसली, तर कॉइलला भोक पडू शकते. पाणी एकदम वाहून आले, की नळी मोकळी झाली. चटई काढून उन्हात वाळवा आणि तिच्याखालचा कापसाचा थरही कोरडा होऊ द्या, नाहीतर पत्रा गंजतो.