उन्हाळ्याच्या दुपारी पोट्टे जमवशील तर

भाऊ, पहिल्यांदाच दहा-बारा पोट्टे घरात जमवतोस, तर कॅरम काढू नको. चौघं खेळतात, बाकीचे मोबाइल काढतात. अन् मे महिन्यात पारा 45 च्या वर, बाहेर तरी कुठं पाठवशील?

मी 'माफिया'ने सुरुवात करतो. 1986 मध्ये मॉस्कोत दिमित्री डेव्हिडॉफने बसवलेला खेळ, पण पारावरच्या गप्पा ऐकत वाढलेल्या आपल्या पोरांना लगेच जमतो. दहा जणांत दोन-तीन चोर, चिठ्ठीने ठरवायचे. 'रात्र' झाली की सगळ्यांनी डोळे मिटायचे; चोर तेवढे डोळे उघडून, खुणेने एकाला बाद करतात. 'दिवसा' सगळे भांडभांड भांडून चोर कोण यावर मतदान करतात. सूत्रधार तूच हो. बाद झालेल्याने तोंड उघडायचं नाही, हे आधीच बजाव. मी एकदा विसरलो अन् लहान्या भावानं रागात सगळे चोर सांगून टाकले.

लाइट गेली तर भेंड्या. चौघंच उरले तर फरशीवर खडूने 25 घरं आख, दोन चिंचोके फोडून चार फाका कर अन् अष्टचंग मांड. फाका फाशासारख्या टाकायच्या: चारही पांढरे वर आले की चार, चारही काळे आले की आठ.

माठ मात्र सकाळीच भरून ठेव.