प्रारणाचा दाब ऊर्जा घनतेच्या एक तृतीयांशच का असतो?

एकाणू (सुट्या अणूंच्या) आदर्श वायूचा दाब ऊर्जा घनतेच्या, म्हणजे एकक घनफळातील ऊर्जेच्या, दोन तृतीयांश असतो, मग प्रारणाचा, म्हणजे पोकळीत भरलेल्या प्रकाश-उष्णतेच्या लहरींचा, निम्माच का, हा आपला प्रश्न रास्त आहे. दाब ठरतो तो कणाचा संवेग आणि वेग यांच्या गुणाकारावर. मंदगती अणूचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि वेग यांचा गुणाकार त्याच्या गतिज ऊर्जेच्या दुप्पट भरतो, तर फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, बाबतीत तोच गुणाकार ऊर्जेइतकाच असतो. तीन समान दिशांपैकी एकीचा वाटा पात्राच्या भिंतीवर पडत असल्यामुळे दोन्हीकडे तिनाने भागावे लागते. मला याहून सुंदर वाटते ते पुढचे पाऊल: हाच दाब ऊष्मागतिकीच्या (उष्णता आणि कार्य यांच्या शास्त्राच्या) नियमांत घालून भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन यांनी १८८४ मध्ये दाखवले, की ऊर्जा घनता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. त्यामुळे ३०० केल्विनला जेमतेम २ मायक्रोपास्कल असलेला हा दाब तापमान दहापट होताच दहा हजारपट होतो.