खान्देशच्या उन्हात पफ पॅनेलचं घर राहण्याजोगं असतं का?

असतं. पफ पॅनेल म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये कडक फोम भरलेला तयार तक्ता; भिंती त्याच्याच, छतही त्याचंच. छताकडे नीट लक्ष दिलं तर विटांच्या घरापेक्षा सुखाचं असतं. छतात कंजुषी केली, तर मे महिन्यात दुपारी त्यात बसवत नाही.

तुम्ही लिहिलंय की अमळनेरजवळच्या शेतात असं घर बांधायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात हे फॅड आहे, चार वर्षांत भंगारात जाईल. आणि आपल्या भागात या कामातलं जुनं कोणी आहे का, असंही विचारलंय. आहे. आमच्या घरात तीन पिढ्या उष्णता अडवायचंच काम चाललंय. सध्या कंपनी मी आणि माझा चुलतभाऊ बघतो. जाहिरात व्हायला नको म्हणून नाव लिहीत नाही.

आधी एक सांगते. उष्णता अडवणं खान्देशाला कोणी बाहेरून शिकवलेलं नाही. जुन्या धाब्याच्या घरांचं छत बघा. सागाचे सरे, त्यावर कड्या, त्यावर फळ्या किंवा तुराट्या आणि सगळ्यात वर हातभर खारी माती, धोपटून बसवलेली. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी वर नवी खारी टाकायची. तो मातीचा थर म्हणजे इन्सुलेशनच होतं. भर दुपारी अशा घरात शिरलं की डोळ्यांवरचा ताण उतरायचा. मग चार-पाच इंची स्लॅब आला. गळणं थांबलं, दरवर्षीची खारी टाकायची कटकट संपली, आणि लोकांनी तो आनंदाने घेतला. पण उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती सगळी उष्णता खाली सोडतो. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे गेला की रात्री बारा वाजताही पंखा गरम वाराच फिरवतो, त्याचं कारण हेच. आपण जे गमावलं ते छतात गमावलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आमची गोष्ट. आजोबा पारोळ्याकडची कोरडवाहू जमीन भावाकडे सोपवून कामाला बाहेर पडले ते लॅगिंगच्या, म्हणजे पाइपांवर उष्णता अडवणारा लेप चढवण्याच्या टोळीत. त्या काळी अमळनेरला प्रताप मिल होती, जळगावला खान्देश मिल होती, भुसावळला वाफेची इंजिनं होती. जिथे बॉयलर तिथे वाफेचे पाइप, आणि पाइप उघडा राहिला की कोळशाचे पैसे हवेत जातात. म्हणून त्यावर जाड लेप चढवायचा. माल म्हणजे ८५ टक्के मॅग्नेशिया आणि उरलेला अ‍ॅस्बेस्टॉस. पोत्यातली पांढरी भुकटी पाण्यात भाकरीच्या पिठासारखी मळायची आणि गरम पाइपावर हातानेच थापायची, कारण गार पाइपावर ती धरत नाही. पहिला थर सुकला की दुसरा. मग कोंबडीजाळी, त्यावर प्लास्टर, त्यावर कॅनव्हास आणि शेवटी रंग. काम पुरं झालं की आजोबा पाइपावर उघडा तळहात ठेवून उभे राहायचे. हात निवांत टिकला तर काम पास, झटकन उचलावा लागला तर अजून एक थर. थर्मामीटर मालकाकडे असायचा, पण टोळी आजोबांच्या हातावर चालायची.

त्या भुकटीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनीसुद्धा जीव घेते. हे कळायला लागलं होतं, पण टोळीतल्या माणसांपर्यंत कोणी पोचवलं नाही. आजोबा शेवटची काही वर्षं खोकतच जगले, त्यांच्या टोळीतले आणखी काही जण तसेच गेले. आजही जुन्या कारखान्याचं लॅगिंग काढायचं काम आलं, तर आमची माणसं आधी ते पाण्याने चिंब करतात, पूर्ण मास्क घालतात आणि मगच हात लावतात. यात सवलत मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही नाही म्हणतो.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हाती काम आलं तेव्हा रॉकवूल आणि ग्लासवूल, म्हणजे दगडाच्या आणि काचेच्या तंतूंच्या गाद्या आल्या होत्या. फैजपूर, शहादा या बाजूला सहकारी साखर कारखाने उभे राहिले होते. गळीत हंगाम संपला की कारखान्याची दुरुस्ती निघते, आणि हंगाम संपतो ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे आमच्या कामाचा सीझन एप्रिल-मे. अंगभर टोचणारी रॉकवूलची गादी खांद्यावर, आणि डोक्यावर खान्देशचं ऊन. आई अण्णांचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची आणि रात्री वही घेऊन बसायची. पाइपाचा घेर, लांबी, एल्बो म्हणजे वळणं किती, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किती लागेल, ही सगळी मापं तीच मांडायची. आमच्याकडचं एस्टिमेट काढायचं काम तिच्याकडून माझ्याकडे आलं.

बर्फाचे कारखाने आणि कोल्ड स्टोरेज हा दुसरा टप्पा. इथे सगळंच उलटं. आजवर उष्णता आत कोंडायची होती, आता बाहेर अडवायची. थर्माकोलचे स्लॅब ८५/२५ ग्रेडच्या डांबराने भिंतीला चिकटवायचे. डांबर फार कढत असलं तर थर्माकोल जागेवर वितळतो, फार निवलं तर चिकटत नाही. मधली वेळ ओळखणं हीच कारागिरी. दोन थर, आणि दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. बाष्प अडवणारा थर नेहमी बाहेरच्या, गरम बाजूला. तो चुकला की हवेतला ओलावा आत शिरून इन्सुलेशनमध्येच पाणी होतं आणि एक-दोन वर्षांत भिंत निकामी होते. अण्णा आणि काकांनी याच सुमारास कामं वाटून घेतली. वाफेची बाजू काकांकडे, थंडीची अण्णांकडे. वही मात्र एकच राहिली, आणि माझ्या मते आमचं घर फुटलं नाही ते त्या वहीमुळे.

मग केळी. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा तुम्हाला सांगायला नको. रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोल्या आल्या तसं आमचं कामच बदललं. केळी पिकवायला साधारण १६ ते १८ अंश तापमान लागतं, हवेत भरपूर ओलावा लागतो, फळ पिकवणारा इथिलीन वायू मोजून सोडावा लागतो. १३ अंशांच्या खाली गेलं की साल काळवंडते आणि माल बाजारातून उठतो. पिकणारी केळी स्वतःही उष्णता सोडतात. बाहेर ४४, आत १७. एवढा फरक रात्रंदिवस धरून ठेवणारी भिंत हवी होती, आणि तिथे पफ पॅनेलला पर्याय नव्हता.

पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम. याचं रसायन १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलं. रंगीत पत्र्याच्या दोन शीट प्रेसमध्ये धरायच्या आणि मध्ये पॉलिऑल आणि आयसो ही दोन रसायनं एकत्र करून सोडायची. मिश्रण फुगतं, कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं आणि कडक होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात फोमिंग पहाटे उरकतात. दुपारी केमिकल तापलेलं असतं, रिअ‍ॅक्शन घाईत होते आणि शीटच्या टोकापर्यंत फोम पोचायच्या आत घट्ट व्हायला लागतो. या फोमला फुगवणारे वायू ओझोनच्या थराला घातक निघाले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आधी सीएफसी-११ गेला, मग भारतात २०२० च्या जानेवारीपासून एचसीएफसी-१४१बी बंद झाला. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना नवं मिश्रण बसवताना बराच त्रास झाला. पण नियम योग्यच होता.

घरं आमच्याकडे सगळ्यात शेवटी आली. देशात हा विचार जुना आहे. फाळणीनंतर निर्वासितांच्या घरांसाठी सरकारने १९४८ मध्येच दिल्लीत तयार घरांचा कारखाना काढायला घेतला होता. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हलक्या तयार घरांचं महत्त्व पुन्हा सगळ्यांना दिसलं. आमची सुरुवात मात्र साइट ऑफिसपासून झाली. साक्रीकडे पवनचक्क्या आणि सोलरची कामं निघाली, महामार्गाची रुंदी वाढली, आणि माळरानावर इंजिनिअर लोकांना बसायला केबिन लागायला लागल्या. केळीच्या चेंबरसाठी बनवत होतो तेच पॅनेल, त्यालाच खिडकी-दार. आमच्या घराण्याने आधी वाफ सांभाळली, मग बर्फ, मग केळी. माणसाचा नंबर नंतर लागला, आणि याची खंत अण्णांना होती.

पहिलं शेतघर बांधलं ते पारोळा तालुक्यात. घरमालकाचे वडील आले, भिंतीवर काठी वाजवली आणि म्हणाले, ‘हाई घर नही, हाऊ ते डबा शे.’ अण्णांनी त्यांना बाजेवर बसवलं आणि काय हवं ते विचारलं. म्हातारबाबांनी पश्चिमेला खोल पडवी मागितली, बसायला ओटा मागितला आणि वारा आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या मागितल्या. तिन्ही गोष्टी शास्त्राला धरून होत्या. तेव्हापासून आमच्या प्रत्येक घराच्या नकाशात त्या असतातच.

कारण पॅनेलचं घर विटांच्या घरासारखं वागत नाही. जाड भिंत उष्णता पोटात साठवते, पॅनेल ती बाहेरच अडवतं. ५० मिलिमीटर पफ जेवढी उष्णता अडवतं तेवढी अडवायला विटांची भिंत चार-पाच फूट जाड लागेल. पण आतली उष्णताही ते बाहेर जाऊ देत नाही. चूल, फ्रिज, माणसं, सगळ्यांची ऊब आत कोंडते. म्हणून दुपारी खिडक्या बंद आणि रात्री सताड उघड्या, असं राहिलात तर हे घर लवकर निवतं. छताजवळ गरम हवा जायला झरोका ठेवा. स्वयंपाकघर पडवीला लागून ठेवा आणि त्याच्या भिंतीला रॉकवूलचं पॅनेल मागा. पफ आणि थर्माकोल दोन्ही जळतात आणि त्यांचा धूर विषारी असतो, रॉकवूल जळत नाही. वायरिंग कंड्युइटमधूनच, म्हणजे वायरच्या नळीतूनच न्या, फोममधून उघडी वायर कोणालाही ओढू देऊ नका.

छताला भिंतीपेक्षा जाड पॅनेल घ्या, वरचा रंग पांढरा किंवा फिका. घेण्याआधी ज्याच्याकडून काम करून घ्यायचंय त्याने बांधलेलं एखादं घर मे महिन्यात दुपारी चार वाजता बघायला जा. स्टुलावर चढून छताला आतून तळहात लावा. हात टिकतो का बघा. फोमची घनता विचारा, घनमीटरला ४० किलोच्या आसपास हवी. कापलेला तुकडा मागून घ्या, त्यात पोकळ्या दिसल्या तर परत फिरा. कडा उघड्या राहिल्या की उंदीर फोम कुरतडून आत घर करतात, तेव्हा खालची पट्टी घट्ट बसलेली हवी.

तुमच्या बाजूची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, विटांच्या भिंतींना तडे जातात ते त्यामुळे. इथे हलक्या घराचा फायदा आहे. पॅनेलची भिंत चौरस फुटाला साधारण एक किलो भरते, नऊ इंची विटांची ४० किलो. पण हलकं म्हणजे वाऱ्यालाही हलकं. मे-जूनमधलं वादळ केळीच्या बागा आडव्या करतं, तेव्हा घराचा पाया मजबूत करायला पैसे घाला. जोतं दीड-दोन फूट उंच, खालची काळी माती काढून मुरूम भरलेला, आणि प्रत्येक खांबाची बेस प्लेट काँक्रीटमध्ये गाडलेल्या अँकर बोल्टला कसलेली. नुसते फास्टनर ठोकून घर उभं करतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका. कर्ज काढणार असाल तर बँकेत आधी विचारा, सगळ्या बँका अशा घराला सहज कर्ज देत नाहीत. जोत्याआधी शेतात एक खड्डा खणून काळी माती किती खोल आहे ते मोजा आणि इथेच खाली लिहा. त्यावरून पाया कसा घ्यायचा ते सांगते.