सकाळी 8, रात्री 8: डायपर बदलायची ही वेळ कुणाची?

आईंचा डायपर वृद्धाश्रमात सकाळी 8 आणि रात्री 8 लाच बदलतात, मध्ये ओला झाला तरी 'अजून वेळ झाली नाही' म्हणतात, आणि बोलावं तर राग आईवर निघेल, असं तुम्ही लिहिलंय. ती भीती मला माहितीये. आमचे दादा पक्षाघातानंतर 2 वर्षं सिंहगड रोडला एका ठिकाणी होते. मीही आधी गप्पच होते.

8 ते 8 ही मावशींची ड्युटी. आईंच्या लघवीला तिचं काय!

एकदा शंका आली म्हणून निघताना दादांच्या डायपरच्या चिकटपट्टीवर बॉलपेनने बारीक '11' लिहिलं. संध्याकाळी 6 ला गेले, तर तोच 11. डायपर फुगून विटेसारखा, आणि माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा. असा चट्टा बोटाने दाबून बघा. पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात, डॉक्टरांना दाखवाच. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही. तिथे गरम किंवा टणक लागतं का ते बघा.

लघवीने कातडी भिजून मऊ पडते, त्यात शी लागली की ती लवकर सोलवटते. म्हणून शी झाली की लगेच, लघवीसाठी दर 2-3 तासांनी बघायचं. पुसताना पुढून मागे, घासायचं नाही, टिपायचं. मग झिंकचं मलम. पावडर नको, ओलीत तिचे गोळे होतात. एकावर एक दोन डायपर तर मुळीच नकोत. आणि कूस दर 2 तासांनी बदलायला सांगा.

आणखी एक, जे सहसा कुणी कबूल करत नाही: डायपर वाचावा म्हणून दुपारी पाणीच कमी देतात. कधी म्हातारी माणसंच संकोचाने पीत नाहीत, दादाही तसेच. त्यातून लघवीचा संसर्ग होऊ शकतो, माणूस अचानक बरळायला लागतो आणि आपण म्हणतो वय झालं.

मावशींवर ओरडू नका. एकटी बाई रात्री 10-12 जणांचं बघत असते. थेट व्यवस्थापकांकडे जा, पलंगाशी वेळ आणि सही असा कागद लावायला सांगा. मग दुपारी 3 ला, न कळवता जा. दाद मिळालीच नाही तर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, 14567.

डायपर तुम्हीच आणून देता ना? मग मोजा. दिवसाला 4 धरले तर महिन्याला 120 लागतात. 60 मध्ये महिना निघत असेल तर कागदावर सह्या कितीही असोत.